'बदललं का?' विचारायचं कधी

सॉफ्टवेअरच्या कामात किस्से कसे साचतात, ठाऊक आहे? उशीखाली बाळाचे मोजे साचतात, तसे! लोहाऱ्यातलं आमचं ऑफिस चिमुकलं. दवाखान्यांसाठी पेशंटच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. बाळंतपणाची रजा संपवून परत आले, तेव्हा मला एकच धास्ती होती. मिनू पहिलं पाऊल टाकेल आणि मी इथे स्क्रीनपुढे असेन!

*

आमच्या प्रोग्राममध्ये नोंदीला 'बदललं का?' असं विचारता यायचं. सेव्हच्या आधी विचारलं की 'हो', सेव्ह झाल्यावर विचारलं की 'नाही'. सेव्ह झालं की तिच्या लेखी सगळं जुनंच! हे विसरून, अपॉइंटमेंटची वेळ बदलली की पेशंटला मेसेज जावा म्हणून मी सेव्ह झाल्यावर विचारलं. ज्यांची वेळ बदलली, त्यांच्यातल्या एकालाही मेसेज गेला नाही.

आमचे सीनियर सलीमभाई शांतपणे म्हणाले, "म्याडम, बदल झाला. तुम्हीच उशिरा विचारून राह्यल्या."

मला ते भलतीकडेच लागलं.

*

मग मी सेव्हच्या आधीच विचारायला लागले. वणीच्या एका काकांची वेळ बुधवारवरून मंगळवारवर आणली. मेसेज गेला आणि सेव्ह मात्र फेल! काका मंगळवारी दवाखान्यात हजर. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, तुमची वेळ उद्याची आहे.

"आलोच हाव तं तपासा! उद्या परत कायले येऊ?"

तपासलं म्हणे.

*

शेवटी मी एका प्रश्नाचे दोन केले. सेव्हच्या आधीचा 'आता बदलणार का?' आणि नंतरचा 'नुकतंच बदललं का?'. फळ्यावर लिहिले आणि मलाच लाज वाटली.

"फार बाळबोध वाटतात का हो?"

सलीमभाई म्हणाले, "माझ्या अम्मीलेबी समजतीन. अजून काय पाह्यजे?"

*

दुपारी घरी फोन लावायचा, हा माझा नेम. सासूबाईंना एकच प्रश्न, "चालली का?"

"नाही वं! चालन आज-उद्या. तू तुवं काम कर."

सलीमभाई हसायचे. "नोंदीले इतकं विचारत जा म्याडम, एक बग राहणार नाही!"

*

परवा संध्याकाळी दारात पर्स ठेवते, तोच सासूबाई ओरडल्या, "थांब, थांब! पाह्य!"

मिनू भिंत सोडून निघाली. पायात पी-पी वाजणारे बूट. पलंगाला वळसा घातला, पायपुसणं चुकवलं आणि थेट माझ्या गुडघ्यांना येऊन बिलगली.

"पह्यल्यांदा! तुयाच समोर!" सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

मी तिला मांडीवर घेऊन बूट काढले. तळाला अंगणातली काळी माती वाळून घट्ट बसली होती.

"आई," मी म्हटलं, "बरं झालं, मी वेळेवर आले."