बडनेऱ्याच्या बारा झेंड्यांचा निकाल

लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एकच झेंडा एका फळ्यावर दोनदा लावलेला दिसला, तेव्हा मी पेनाचं टोपण काढलं.

अमरावतीतल्या एका शाळेचा हॉल होता. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या शाळांचं हस्तकला प्रदर्शन होतं. विषय होता 'राष्ट्रध्वज : रचना आणि इतिहास'. नववीच्या मुलांनी कोणत्याही बारा देशांचे झेंडे कापडात किंवा कागदात करायचे, प्रत्येकाखाली चार ओळींचा इतिहास लिहायचा आणि परीक्षक समोर आले की तोंडी उत्तरं द्यायची. पहिला आलेला संच मुलासकट नागपूरला राज्य प्रदर्शनात जाणार होता.

मी मुख्य परीक्षक होतो. चित्रकला शिक्षक म्हणून माझी बावीस वर्षं झाली होती. इतिहासाची आणि तोंडीची बाजू दुसरे परीक्षक टाले सरांकडे होती.

कपाशीची ती वाईट वर्षं होती, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. हजेरी घेताना एखादं नाव पुकारावं आणि सगळ्या वर्गानं मान खाली घालावी, असं आमच्या शाळेतही झालेलं होतं. हा विषय सुचवला समितीचे सचिव इंगोले साहेबांनी. ते म्हणाले, पोरांना घरी रोज वाईटच ऐकू येतं, निदान चार दिवस त्यांना जगाकडे पाहू द्या. मला तेव्हा तो विषय बिनकामाचा वाटला. पण पोरं आली. परतवाड्याकडची मुलं जीपमध्ये मांडीवर पुठ्ठे धरून आली होती, एकाही पुठ्ठ्याचा कोपरा दुमडला नव्हता.

आमचं काम कसं चालतं ते सांगतो. मांडणीला तीस मार्क, अचूकतेला तीस, इतिहासाला वीस, तोंडीला वीस. मांडणी म्हणजे समास सरळ आहे का, चौकटी सारख्या आहेत का, काम स्वच्छ आहे का. चित्रकला शिक्षकाचा हात सवयीनं आधी फूटपट्टीकडे जातो. अचूकता पाहायला मी आमच्या शाळेचा तक्ता बरोबर नेला होता. जगातल्या झेंड्यांचा, गुंडाळी करून ठेवायचा. पिढ्यान् पिढ्या आम्ही त्यावरूनच शिकवलं. त्यात सगळे देश सारख्या चौकटीत बसवलेले असतात.

या फळ्यावर मात्र सगळे झेंडे उंचीला सारखे आणि लांबीला वेगवेगळे होते. एक चौरस, एक हातभर लांब. नेपाळचा तर दोन त्रिकोण एकावर एक ठेवल्यासारखा, कापूनच लावलेला. पट्टी कुठे लावावी तेच कळेना. समोर बडनेऱ्याच्या शाळेतली निलोफर नावाची मुलगी उभी होती. मी विचारलं, एकच झेंडा दोनदा का लावला?

"दोन आहेत, सर. हा इंडोनेशिया, हा मोनॅको. रंग तेच, माप वेगळं. हा दोनास तीन आहे आणि हा चारास पाच."

"तक्त्यात दोन्ही सारखे आहेत."

"तक्त्यात सगळेच सारखे आहेत, सर. तिथं नेपाळलासुद्धा चौकटीत बसवलं आहे."

ती उद्धटपणे बोलली नव्हती. पण टाले सर हसले. मागे उभे असलेले दोन मुख्याध्यापकही हसले. ते हसू मला लागलं. पुढचं सगळं त्या हसण्यातून झालं, हे मला त्याच दिवशी माहीत होतं.

मापं कुठून आणली, असं टाले सरांनी विचारलं. तिनं सांगितलं, रेल्वे कॉलनीतल्या वाचनालयात एक जाड ग्रंथ आहे, तो घरी देत नाहीत, म्हणून चार रविवार तिथं बसून उतरवली. तिचे वडील रऊफभाई बडनेरा स्टेशनजवळ टेलरिंगचं दुकान चालवत. पक्षांचे झेंडे, उरुसाच्या चादरी, यात्रेच्या पताका, सगळं त्यांच्याकडे शिवून होई. ते म्हणत, मापात नसलेला झेंडा म्हणजे फडकं.

मग टाले सरांनी नेहमीचा प्रश्न टाकला. तिरंग्यावर आधी चरखा होता, मग चक्र का आलं? बाकीच्या मुलांनी पुस्तकातलं उत्तर दिलं होतं. तिनं तेही दिलं आणि वर म्हणाली, "चक्र दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, सर. चरखा मागून उलटा दिसला असता. शिवणाऱ्याला ते लगेच कळतं."

टाले सरांनी इतिहासाला आणि तोंडीला वीसपैकी वीस दिले. मी मांडणीचे बावीस कापले, अचूकतेचे वीस.

चहाच्या वेळी मॉडरेशन असतं. म्हणजे दोन परीक्षकांनी आपापले मार्क शेजारी ठेवायचे. एकानं भरभरून दिलेले आणि दुसऱ्यानं फार कापलेले असले तर कारण लिहायचं आणि दोघांनी सही करायची. टाले सरांनी सही केली नाही.

"गावंडे सर, पोरगी बरोबर असली तर?"

"तक्ता चूक आणि ती बरोबर?"

"मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे का?"

मलाही माहीत नव्हतं. माप चुकलं असं लिहायची माझी छाती झाली नाही. तेवढ्यापुरता मी प्रामाणिक राहिलो आणि त्याहून वाईट गोष्ट केली. रिमार्कच्या रकान्यात लिहिलं : 'शिलाई सफाईदार. काम पालकांकडून करून घेतल्याचे दिसते.' दुसऱ्याचा हात लागलेला संच बाद होतो, असा नियम होता. टाले सर म्हणाले, शिवणातलं मला कळत नाही, तुम्ही म्हणता तर असेल. त्यांनी सही केली.

पहिला नंबर अकोल्याच्या एका शाळेला गेला. बारा चौकटी, समास काटेकोर, नेपाळचा झेंडा पांढऱ्या आयतात. त्या मुलाचा काही दोष नव्हता. त्यालाही कुणीतरी तोच तक्ता दाखवला होता.

दुपारी निकाल लागला. तासाभरात रऊफभाई आले, गळ्यात मेजरिंग टेप तशीच होती. लोक जमले. मला वाटलं भांडण होणार. त्यांनी आवाज चढवला नाही.

"माह्या पोरीचं माप चुकलं काय, सर?"

"मापाचा प्रश्न नाही. शिलाई तुमची वाटते."

ते फळ्याजवळ गेले. पॅराग्वेच्या झेंड्याच्या वरच्या टाचण्या काढल्या आणि झेंडा उलटला. या देशाच्या झेंड्यावर पुढे एक चिन्ह असतं आणि मागे दुसरं. पुढे तारा, मागे सिंह. तक्त्यात मागची बाजू नसते, त्यामुळे मला ते ठाऊकच नव्हतं. निलोफरनं मागे सिंह भरला होता. भिंतीकडे तोंड करून तो दोन दिवस तसाच होता, कुणी पाहिला नव्हता. पिवळ्या दोऱ्यातला, कान ताठ केलेला, शेपटी गुंडाळलेला.

"हा शेर पाहा," रऊफभाई म्हणाले. "मांजर दिसते का नाही? असा शेर माह्या दुकानातून गेला असता तं गिऱ्हाईकानं त्याच पावली वापस आणला असता. हे माह्यं काम काहून वाटलं तुमाले?"

लोक हसले. निलोफर हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती. मला त्याच क्षणी कळलं, काम तिचंच आहे. हेही कळलं, की जी मुलगी कुणाला न दिसणारी बाजूसुद्धा भरते, ती मापात चुकलेली नसणार.

इंगोले साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "गावंडे सर, बदलायचं का?"

मी म्हणालो, "निकाल लागला आहे, साहेब."

रऊफभाईंनी मान हलवली. "लागला तं लागला. पण पोरीच्या नावावर खोटं नका ठेवू, सर. नंबर तुमच्यापाशीच राहू द्या."

मी रजिस्टर मिटलं. निलोफरनं एकेक टाचणी काढून ओढणीच्या काठाला टोचली, झेंड्यांची घडी केली आणि बापलेक बसस्टॉपकडे गेले.

त्याच महिन्यात मी एका मोठ्या ग्रंथालयात जाऊन मापं पाहिली. बाराच्या बारा बरोबर होती. मी ग्रंथ मिटून जागेवर ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही. समितीच्या पद्धतीप्रमाणे रिमार्कची नक्कल तिच्या शाळेत गेली होती. पुढे टाले सरांकडून कळलं, की शाळेनं तिला पुन्हा कुठल्याच स्पर्धेला पाठवलं नाही. वर्गातली मुलं तिला 'अब्बाची शिलाई' म्हणत.

बारा वर्षं गेली. मी निवृत्त झालो. एक दिवस समितीकडून फोन आला. आता सचिव भोजने मॅडम होत्या. अकोल्याला प्रदर्शन आहे, विषय पुन्हा झेंड्यांचाच, तुम्ही मुख्य परीक्षक म्हणून या. मी म्हणालो, येतो, पण आधी एक जुना रिमार्क दुरुस्त करायचा आहे.

"सर, बारा वर्षांपूर्वीचा रिमार्क कोण वाचतो?"

"मी वाचतो."

मॅडम म्हणाल्या, दुरुस्तीची तशी काही पद्धत नाही, पण दोन्ही परीक्षकांनी लेखी दिलं तर मी नाही म्हणणार नाही.

टाले सरांचे गुडघे गेले होते. समितीच्या कार्यालयाचा जिना चढायला त्यांना दहा मिनिटं लागली. रजिस्टर कपाटातून निघालं. मी जुन्या ओळीखाली लाल शाईनं लिहिलं : 'वरील रिमार्क खोटा आहे. तो खोटा असल्याचे मला त्याच दिवशी माहीत होते. काम विद्यार्थिनीचे स्वतःचे असून सर्व मापे अचूक आहेत.' टाले सरांनी लगेच सही केली.

"माझीपण सही होती त्याच्यावर," ते म्हणाले. "तुम्ही कधी म्हणता, याची वाट पाहत होतो."

नक्कल घेऊन मी बडनेऱ्याला गेलो. दुकान तिथंच होतं. रऊफभाईंना चष्मा लागला होता, पण त्यांनी मला लगेच ओळखलं.

"आता काहून आले, सर?"

मी कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि कैचीखाली ठेवला. निलोफर चांदूर रेल्वेला मुलींना शिवणकाम शिकवायला जाते, सहाच्या गाडीनं येईल, असं सांगून त्यांनी मला स्टूल दिलं आणि पुन्हा मशीन सुरू केली. दीड तास मी बसून होतो. एकदा चहा आला.

ती आली. उभ्यानंच कागद वाचला. मी म्हणालो, माझं चुकलं, आणि ते मला तेव्हाच ठाऊक होतं, मी माफी मागायला आलो आहे. तिनं कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली.

"तक्ता बदलला का, सर?"

"नाही," मी म्हणालो. "तोच आहे."

"मग अकोल्याला अजून एखादीचं असंच होईल."

रऊफभाईंनी मशीन थांबवली. "तेच तं सांगून राहिली ते. माफीचं राहू द्या, सर. तक्त्याचं पाहा."

ती आत जाऊन एक पत्र्याची पेटी घेऊन आली. बारा झेंडे त्यात जपलेले होते, घडीवर डांबरगोळ्या होत्या. ठरलं ते असं, की ते झेंडे परीक्षकांचा नमुना म्हणून अकोल्याला लावायचे. तक्त्याच्या जागी. भोजने मॅडमना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, की मापांची खात्री आहे ना. मी म्हणालो, बारा वर्षांपासून आहे.

अकोल्याच्या हॉलमध्ये दारासमोरच तो फळा लावला. वर निलोफरचं नाव, खाली प्रत्येक झेंड्याचं माप. पॅराग्वेचा झेंडा दोरीवर टांगला, दोन्ही बाजू दिसतील असा. दुपारी एका नव्या परीक्षकानं परतवाड्याच्या एका मुलीच्या स्वित्झर्लंडवर पट्टी ठेवली. तिनं तो चौरस केला होता, नमुन्याच्या फळ्यावर होता तसाच. त्यानं पेन काढलं, मान वळवून फळ्याकडे पाहिलं आणि पेन खिशात ठेवलं. माझ्या सगळ्या नोकरीत मला इतकं बरं वाटल्याचं आठवत नाही.

निलोफर आणि रऊफभाई दुपारनंतर आले. भोजने मॅडम म्हणाल्या, रिमार्क दुरुस्त झाला, पण रजिस्टरमध्ये मार्क जुनेच आहेत, तेही आता भरून टाका. टाले सरांनी आपले तेच ठेवले. मी पुन्हा एकदा फळ्यासमोर उभा राहिलो, या वेळी पट्टी न घेता. मांडणीला तीसपैकी तीस दिले. अचूकतेला एकोणतीस.

निलोफरनं रजिस्टर पाहिलं. "एक कुठं गेला, सर?"

मी दोरीवरचा झेंडा उलटून दाखवला. तिनं सिंहाकडे नीट पाहिलं आणि हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहत होतो.

"आता बरोबर कापला," रऊफभाई म्हणाले.

परीक्षकाचं काम करणाऱ्या नव्या लोकांना मी दोनच गोष्टी सांगतो. मार्क कापण्याआधी आपली पट्टी कुणी बनवली ते विचारा. आणि समोरचं काम एकदा तरी उलटून पाहा.