मामांची गोळाबारी

माझे सासरे, म्हणजे मामा, तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गेल्या हिवाळ्यात ते साताऱ्याहून आमच्याकडे कुवेतला आले आणि हवल्लीतल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पंधरा दिवसांत कंटाळले. त्यांचा जीव रमावा म्हणून चार कुटुंबांच्या समुद्रकाठच्या सहलीत आम्ही लढाई खेळायचं ठरवलं. बायकांनी वाळूत खंदक खणायचा, पुरुषांनी तो जिंकायचा. गोळे म्हणजे पाण्याने भरलेले फुगे. तोफखाना अर्थातच मामांकडे. पायदळाचा म्होरक्या मी, कारण दुसरं कुणी तयार होईना.

मामांनी आम्हाला रांगेत उभं केलं.

"गोळे तुमच्या पुढं पडत जातील. त्यांच्या मागनं चालायचं. पळालात तर आपलेच गोळे अंगावर येतील, रेंगाळलात तर समोरचा सावध होईल. गोळाबारी थांबली की मात्र जीव खाऊन पळा. त्यांनी डोकं वर काढायच्या आत खंदकात उडी पडली पाहिजे."

समजलं, म्हणालो. आणि दहाव्या पावलालाच पळालो. पहिला फुगा माझ्या पाठीत फुटला. जानेवारीतलं गार पाणी मानेपासून कमरेपर्यंत उतरलं.

"जावईबापू, चाला म्हटलं होतं," मागून शांत आवाज आला.

मग मी शहाण्यासारखा चाललो. फुगे पुढे पुढे पडत गेले. खंदकाच्या काठावर बायकांच्या टोप्या आणि ओढण्या दिसत होत्या, एकही हलत नव्हती. घाबरून दबा धरून बसल्यात, असं मला वाटलं. गोळाबारी थांबताच मी आरोळी ठोकून उडी मारली.

आत कुणीच नव्हतं. टोप्या आणि ओढण्या वाळूत रोवलेल्या काठ्यांवर अडकवल्या होत्या.

पंधरा पावलं मागे, सामानाच्या ढिगाआड, दुसरा खंदक होता. तिथून माझी बायको उठली. तिच्यामागून बाकीच्या उठल्या. आम्ही चौघेजण त्या अरुंद चरात एकमेकांच्या पायात अडकलो होतो आणि त्यांचा एकही नेम चुकला नाही.

ओलाचिंब होऊन मी मामांकडे गेलो. "पुढचा खंदक मोकळा ठेवायचं तिला कुणी सांगितलं?"

"मी. सकाळी चहाच्या वेळी."

"मामा, तुम्ही आमच्या बाजूचे ना?"

"तिनं विचारलं, म्हणून सांगितलं. तुम्ही विचारलंच नाही." असं म्हणून ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. इथे आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे मला धड रागावताही येईना.

इतक्यात किनाऱ्यावरचा पहारेकरी गाडीतून उतरला. दोन्ही खड्ड्यांकडे बोट दाखवून त्याने अरबीत हे काय आहे ते विचारलं. मी मोडक्यातोडक्या अरबीत मुलं खेळत होती असं सांगितलं. त्याने माझ्या भिजलेल्या शर्टाकडे पाहिलं आणि सगळं बुजवून टाकायला फर्मावलं.

मामांनी फावडं माझ्या हातात दिलं. "हे कामही पायदळाचंच," म्हणाले, आणि खुर्ची सावलीत ओढून बसले.