वरच्या काकांचा डबा

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एकटे राहणाऱ्या काकांनी आमच्या घरी राउटरशेजारी आपला एक डबा ठेवलाय, त्यांच्या लिखाणाची प्रत साठवणारा. तसाच दुसरा नागपूरला, त्यांच्या बहिणीकडे. त्यांनी घरी कॉम्प्युटरवर काही लिहिलं की दोन्हीकडे प्रत पोचते आणि डब्याचा हिरवा दिवा लुकलुकतो. खोडलेलंसुद्धा आत जपलेलं असतं. पण त्याला पासवर्डचं कुलूप असं, की आम्हाला एक अक्षर वाचता येत नाही.

"कंपनीच्या क्लाउडपेक्षा शेजार बरा," काका म्हणतात. जिन्यात भेटले की पहिला प्रश्न, "दिवा ठीक? अच्छा, चलो."

रोज सकाळी माझा चहा उकळेपर्यंत दिवा लुकलुकत राहतो. एवढं काय लिहितात? विचारलं तर नुसते हसतात.

परवा मात्र लुकलुकलाच नाही. राउटर चालू होता, वीजही होती. गॅस बंद करून मी वर धावले आणि बेल दाबत राहिले.

काकांनी दार उघडलं. गालांना साबणाचा फेस.

"काका, दिवा लागला नाही!"

"अगं, आज काही सुचलंच नाही." मग त्यांची नजर माझ्या अनवाणी पायांकडे गेली.

तेव्हापासून दिवा एकही सकाळ चुकलेला नाही. कधीकधी तो फक्त एकदाच लुकलुकतो. त्या दिवशी काकांना काही सुचलेलं नसतं.