अण्णांच्या गाडीची वाकळ

गाव सोडलं त्या दिवशी गाडी मीच चालवत होते. शेजारी नवरा, मागच्या सीटवर ज्वारीचं पोतं, काळ्या तिखटाचा डबा आणि एक भलंमोठं गाठोडं. आदल्या दिवशी अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वर्षश्राद्ध झालं होतं. तसं पाहिलं तर माझं लग्न आणि नोकरी आधीच चाकणच्या बाजूला झाली होती, गाव केव्हाच सुटलं होतं. पण तोवर येणं-जाणं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं व्हायचं, आणि त्यात आपण खरंच निघालोय असं कधी वाटलंच नाही. अण्णांची गाडी अंगणातून बाहेर काढली तेव्हा ते वाटलं. आईनं बॉनेटला कुंकू लावलं. काचेला लावलं नाही, कारण अण्णांना काचेवर डाग चालायचा नाही. मग खिडकीशी वाकून म्हणाली, “उघडी ठिवू नको तिला. आन् छताखाली लावशील न्हवं?”

“लावते,” मी म्हणाले.

हे सगळं आज लिहायचं कारण असं, की परवा माझ्या धाकट्या भावानं, दत्तानं, गावच्या ग्रुपवर त्या गाडीचा जुना फोटो टाकला. त्याखाली तुम्ही सगळ्यांनी आठवणी लिहिल्यात. कोणाची वरात त्या गाडीतून निघाली, कोणाच्या बाळंतपणाला अण्णांनी ती भर पावसात उदगीरला पळवली. मग कुणीतरी विचारलं, गाडी आता कुठंय? आणि कुणीतरी उत्तर दिलं, “आक्कानं नेली होती, पण वाकळीमुळं गंजली.” त्या उत्तरावर हळहळीचे अंगठेही पडले. ती आक्का मीच, आणि ते उत्तरही माझंच आहे, फिरत फिरत माझ्याकडं परत आलंय. आणि ते खोटं आहे.

ज्यांनी ती वाकळ, म्हणजे गोधडी, पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. अण्णा वायरमन होते, खांबावर चढून उतरले की हात पुसल्याशिवाय कशाला शिवत नसत. जुनीच घेतलेली ती छोटी पांढरी गाडी त्यांनी जपली तशी आम्हाला जपली की नाही, याबद्दल दत्ताचं आणि माझं एकमत नाही. रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायची, मग कोरड्यानं. बसताना चपला झटकायच्या. “दार आपटायचं नाही, लावायचं,” हे वाक्य गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. ते गेल्यावर आई दुपारभर नुसती बसून असायची. मग एक दिवस तिनं सुतळी घेतली, शेडमध्ये जाऊन गाडीचं माप काढलं आणि वाकळ शिवायला घेतली. अण्णांचे खाकी शर्ट, त्यांचं धोतर, तिची स्वतःची लुगडी, सगळं त्यात गेलं. धावदोऱ्याचे टाके इतके बारीक की जवळ गेल्याशिवाय दिसायचे नाहीत. आरशांसाठी तिनं दोन बाजूंना दोन खिसे शिवले होते. ते घातले की गाडीला कान फुटल्यासारखे दिसायचे. आम्ही सगळे हसलो, तीही हसली, आणि अण्णा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच हसली होती. गाठोड्यात तीच वाकळ होती.

शेडमध्ये धुळीपासून जपायला ती झकास होती. मोशीत आमच्या सोसायटीतही पार्किंगला छत होतं, त्यामुळं तिथंही काही बिघडलं नाही. पहिलं वर्ष मी अगदी अण्णांची लेक शोभेन अशी वागले. रविवारी गाडी पुसायची, आळंदीला एक चक्कर मारायची, घाटावर थोडं बसून परत यायचं. वाकळ महिन्यातून एकदा गच्चीवर उन्हात टाकायची. शेजारच्या बाई विचारायच्या, “एवढी मोठी गोधडी? कितीजण झोपता?” मी सांगायचे, “एकच झोपते, पण ती लांबरुंद आहे.”

मग आयुष्य इकडच्यासारखं झालं. माझी कंपनी महाळुंग्यात, गाड्यांचे पार्ट बनवणारी. मी क्वालिटीला. माझं काम काय, तर धातूचे तुकडे खाऱ्या पाण्याच्या वाफेत ठेवायचे आणि त्यांना गंज कधी, कुठून धरतो ते बघायचं. हसू नका. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांचा गंज शोधून पगार घेणारी बाई मी. नवरा हिंजवडीला जातो, कंपनीची कॅब येते तेव्हा मी आंघोळीला असते, आणि तो परत येतो तेव्हा ट्रॅफिकनं इतका पिळून निघालेला असतो की बोलायलाही नको म्हणतो. मुलगी झाली. शिफ्ट, पाळणाघर, ओव्हरटाइम. मग आम्ही नवी गाडी घेतली, मोठी, मागं कॅमेरा असलेली. छताखाली जागा एकच होती.

अण्णांची गाडी मी कंपाउंडच्या भिंतीशी नेऊन लावली, उघड्यावर, पाण्याच्या टाकीच्या बाजूला. त्या टाकीखाली जमीन कधी सुकत नाही. वाकळ नीट घातली, कानही घातले. मनाशी म्हटलं, आठ-पंधरा दिवसांत काहीतरी सोय करू. इकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, जे इकडं आलात त्यांना. आपल्याकडं पडून मोकळा होतो, इकडं दिवसेंदिवस नुसता ठिबकत राहतो. मी रोज नव्या गाडीतून त्या भिंतीजवळून जायचे. ओली वाकळ दिसायची. उद्या काढू, वाळवू, असं वाटायचं. नंतर नंतर मी त्या बाजूला बघणं बंद केलं. वाकळ काढली असती तर खाली काय झालंय ते दिसलं असतं, आणि काय झालं असेल हे त्या सोसायटीत माझ्याइतकं कुणाला कळत होतं?

आईचा फोन यायचा. माझं विचारायच्या आधी ती विचारायची, “गाडी बरी हाय का?”

“आहे बरी.”

“वाकळ घालतीस न्हवं?”

“घालते की.”

दुसरं उत्तर तर खरंच होतं. त्याच्या आधारानं पहिलंही खपून जायचं.

शेवटी सोसायटीला भिंत पाडून बांधायची होती म्हणून गाडी हलवायला सांगितलं. मी चिखलीतल्या, गाड्यांचा पत्रा ठोकणाऱ्या एका डेंटरला बोलावलं. आम्ही दोघांनी मिळून वाकळ ओढली. ती इतकी जड झाली होती की अर्धी फाटून हातात आली. खालून जो वास आला तो मी सांगत नाही. त्यानं दार उघडलं तर दाराचा खालचा भाग तिथंच गळून पडला. चटई उचलली आणि खालची जमीन दिसली.

“ताई, ही काय आता व्हायची न्हाई,” तो म्हणाला. “पत्रा मारायचा तर मारू कशाला? धरायलाच जागा न्हाई.” मग वाकळीला पाय लावून म्हणाला, “आन् हे कशाला घातलं व्हतं? पाणी धरून ठेवतंय हे. ह्यानंच खाल्ली.”

मला सुटल्यासारखं वाटलं. खरंच तसंच वाटलं. त्याच संध्याकाळी दत्ताला फोन केला. गाडी भंगारात द्यावी लागणार असं सांगितलं आणि त्यानं कारण विचारायच्या आत घाईनं म्हणाले, “अरे, वाकळीनं पाणी धरलं. त्यानं गंजली.” ऑफिसात कुणी माल परत पाठवला की आम्ही कारण शोधतो. खरं कारण आपल्याकडचं असलं की दुसरं एखादं खरं कारण पुढं करायची सवय लागते. ती मी घरात आणली, एवढंच.

दत्तानं ते आईला सांगितलं. त्याच्या मनात काही नव्हतं. त्यानंतर आईचे फोन आले, पण गाडीचं विचारणं थांबलं. मला वाटलं, बरं झालं. मग दत्ताच्या बायकोनं एकदा सहज सांगितलं. तिला तेव्हा सातवा महिना होता, आणि येणाऱ्या बाळासाठी आईनं दुपटं शिवायला घेतलं होतं. ते तिनं अर्धवटच सोडून दिलं होतं. विचारलं तर म्हणाली म्हणे, “माझ्या हातचं नगं बाळाला. कशाचं काय व्हतंय, कुणी सांगावं.”

आणि गाडी न्यायचा दिवस ठरला तेव्हा आई म्हणाली, “मी यायले. तेच्या गाडीला वाटं लावायला कुणी नगं व्हय?”

ती एकटीच आली. चहा घेतला नाही, आधी खाली चल म्हणाली. गाडी न्यायला टोइंगवाला येऊन थांबला होता. तिनं पिशवीतून हळद-कुंकवाची डबी काढली आणि बॉनेटवर बोट टेकवलं. रंगाचा पोपडा बोटाबरोबर निघून आला. तिनं तो टाकला नाही, पदराच्या टोकाला बांधला. मग गाडीला हात जोडून हळूच म्हणाली, “चुकलं माय माझं. मीच घातली तुझ्यावर. म्हाताऱ्याला काय सांगू नगस.”

टोइंगवाल्यानं मान खाली घातली. मला तिथं उभं राहवेना आणि तिथून हलताही येईना.

“आई, वाकळीनं नाही झालं,” मी म्हणाले. “मी गाडी उघड्यावर लावली. नवी गाडी छताखाली लावली म्हणून. वाकळ ओली व्हायची आणि मी काढायचे नाही. मला माहीत होतं काय होणार ते. माझं कामच आहे ते.”

तिनं कुंकवाची डबी बंद करून पिशवीत ठेवली. ती ओरडली असती तर मला चाललं असतं.

“मंग दत्ताला तसं का सांगितलंस?”

मी नुसतीच रडायला लागले. तिनं जवळ घेतलं नाही. टोइंगवाल्याला म्हणाली, “न्या भाऊ. दार आपटू नका, लावा.” गाडी गेटमधून वळून हायवेकडं दिसेनाशी होईपर्यंत ती रस्त्यात उभी राहिली. मी तिच्या मागं उभी होते, जरा अंतर ठेवून.

वर आल्यावर तिनं फाटकी वाकळ मागितली. बाल्कनीत बसून कुजलेलं कापून टाकलं, मधला धड तुकडा धुतला, वाळवला आणि पिशवीत घातला. निघताना म्हणाली, “दत्ताला तूच सांग. मी सांगणार न्हाई.” मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “असू दे आक्का.” माझ्या मनात मात्र ते असू द्यायला जागा झाली नाही. म्हणून आता तुम्हा सगळ्यांनाही सांगते, म्हणजे ग्रुपवरचं ते उत्तर कुणी पुढं नेणार नाही. आईच्या हाताला काही दोष नाही. दोष माझा आहे.

दत्ताला मुलगी झाली. फोटोत ती दुपट्यावर झोपलीय, आणि मधोमध अण्णांच्या खाकी शर्टाचा तुकडा आहे, खिशाच्या शिवणीसकट. माझ्यासाठी आईनं त्यानंतर काही शिवलेलं नाही, आणि मीही मागितलेलं नाही.

तिचा फोन मात्र येतो. आता विचारायला गाडी नाही, म्हणून ती विचारते, “तू बरी हाईस का?” आणि सवयीनं माझ्या तोंडून निघून जातं, आहे बरी. पूर्वी एवढ्यावर आमचं भागायचं. आता ती पुढं काही बोलत नाही, फोनही ठेवत नाही. मागं दत्ताच्या पोरीचं रडणं ऐकू येतं, कुकरची शिट्टी होते, आणि ती थांबलेली असते. मग मी गॅस बारीक करते, खुर्ची ओढून बसते आणि खरं काय ते सांगायला लागते. अंगण, शेड, गाडी यातलं आता माझं म्हणून काही उरलेलं नाही. घर म्हणावं असं माझ्याकडं एवढंच आहे, ती फोनवर थांबते तेवढा वेळ.