आईच्या वेलाचं तवस

माझी बहीण जवळजवळ साठ वर्षं माझ्याशी खोटं बोलत होती.

परवा तिचं तेरावं झालं. तिथं मला ते कळलं.

आक्का माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. आमचं माहेर शहापूरकडे, शेणव्याच्या जरा अलीकडे. १९६० च्या आसपास आई गेली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते. आक्का पंधरा-सोळाची असेल. त्या दिवसापासून सगळं घर तिच्या अंगावर पडलं.

आता लोक गार्डनिंग करतात, बेकिंग करतात, हँडमेड वस्तूंचे क्लास लावतात. छान आहे.

आक्काला त्यासाठी वेगळा टाइम कधी मिळालाच नाही.

भांडी विसळलेलं पाणी वेलाला जायचं. भाकऱ्या झाल्या की उरलेल्या निखाऱ्यांवर तवसाचा टोप बसायचा. दुपारी बाबा आडवे झाले की ती आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी काढायची, आणि चार टाके होतात न होतात तोच म्हैस ओरडायची.

तवस म्हणजे मोठी, जून झालेली काकडी. ती किसायची, तांदळाचा रवा आणि गूळ घालायचा, टोपात हळदीची पानं अंथरायची आणि झाकणावरही निखारे ठेवायचे. माझी नात त्याला केक म्हणते. म्हणू दे.

या तवसाचं बी आईने लग्न होऊन येताना तिच्या माहेरून आणलं होतं. दर वर्षी वेलावरचं एक चांगलं तवस ती बियाण्याला राखायची. देठाला चिंधी बांधली की त्याला कुणी हात लावायचा नाही. मग त्याच्या बिया राखेत घोळवून शेणाच्या गोळ्यात दाबायच्या आणि तो गोळा चुलीमागच्या भिंतीवर थापायचा. धुरामुळे कीड लागत नाही.

शेवटचा गोळा आईने थापला, आणि त्याच थंडीत ती गेली.

उन्हाळ्यात आक्काला बघायला पाहुणे येणार होते. ती सकाळी पाण्याला गेली. मला वाटलं, आपण घर सारवून ठेवावं, आक्का खूश होईल.

चुलीमागे भिंतीवर तो काळाकुट्ट गोळा. म्हटलं, पाहुणे काय म्हणतील?

विळ्याने खरवडला आणि चुलीत टाकला.

आत तडतड आवाज झाला. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

आक्का आली. डोक्यावर हंडा तसाच.

"भितीवरचा गोला कुटं गो?"

"चुलीत टाकला. पावने येनार नाय का?"

तिने हंडा उतरवला. मला वाटलं, आता मारणार. तिने गोधडी काढली आणि भर सकाळी शिवत बसली. ती गोधडी आज माझ्याकडे आहे. तिच्यात चार ओळी वाकड्या आहेत, त्या त्या सकाळच्या.

त्या गोळ्यात आईचं बी होतं हे मला समजलं तेव्हा मी जी रडायला लागले ती थांबेना. दोन दिवस पोटात अन्न गेलं नाही. आईचं जिवंत असं तेवढंच मागे उरलं होतं, आणि ते मी जाळलं होतं.

तिसऱ्या दिवशी आक्का जवळ येऊन बसली.

"उठ गो सुमे. थोडं बी मी येगलं काडून ठेवलं व्हतं डब्यात. आयचंच हाय. जेव आता."

मी पोटभर जेवले.

पावसात वेल मांडवावर चढला. पुढच्या वर्षी आक्काचं लग्न झालं, मुरबाडकडे, धसईजवळ. तेव्हापासून दर भादव्यात तिच्याकडून एक तवस यायचं. आधी एसटीने माहेरी, मी लग्न होऊन कल्याणला आले तशी कल्याणला. सोबत निरोप ठरलेला, "आयच्या येलाचं हाय."

आईच्या तवसावर पांढरे पट्टे असायचे. हिच्या तवसावर नसायचे. एकदा मी विचारलंही.

"धसईची माती येगली गो. खा गुमान."

मी गुमान खाल्लं. वर मीच म्हणायचे, "चव मात्र अगदी आईच्या हातची!"

परवा तेराव्याला मी तिच्या सुनेला म्हटलं, "आईचं बी नीट राखून ठेव गं बाई."

आक्काला ती आत्याबाई म्हणते.

"कंचं बी मावशी? आत्याबाई त दरसाल धसईच्या बाजारातनं आनायच्या. आता आता त पाकिटातलं. मला म्हनायच्या, सुमीम्होरं बोलू नको. लहान हाय ती."

मी सत्तरी ओलांडलेली बाई. अंगणात माणसं जेवत होती, आणि मी आक्काच्या चुलीमागच्या भिंतीकडे बघत उभी राहिले.

म्हणजे डबा नव्हताच. त्या सकाळी सगळं संपलं होतं. आक्काने आईचं बी एकटीनेच गमावलं, एकटीनेच पचवलं, आणि मला मात्र साठ वर्षं जेवू घातलं.

इथं दर वर्षी मी फोटो टाकायचे, "आईच्या बियाण्याचं तवस". तुम्ही लाइक करायचात. ते खरं नव्हतं, म्हणून हे लिहिलं.

आणखी एक सांगायचं राहिलं.

गेल्या भादव्यात आक्काच्या हातचं शेवटचं तवस आलं. मी ते किसून ओव्हनमध्ये भाजलं, फोटो टाकला. बिया ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. बी राखायचं काम आक्काचं, पुढच्या वर्षी येईलच की.

पाकिटातलं असेल, पण तिने लावलेलं होतं, तिने पाणी घातलेलं होतं.

मी दुसऱ्यांदा तेच केलं.

आणि या वेळी "थोडं येगलं काडून ठेवलं व्हतं" म्हणायला घरात कुणी नाही.

आक्का, तीन दिवस झाले, जेवण जात नाही गो.

भरल्या डोळ्यांनी तुला निरोप.

तुझी सुमी