सई एकटी पाखाडीने गेली त्याची गोष्ट

मंगळवारी सकाळी सात चाळीसला फोन आला. मिरजोळ्याच्या फॅक्टरीत पॅकिंगचं काम लागलं, सोमवारपासून गाडी साडेसातला नाक्यावर. नवरा बोटीवर. म्हणजे माझी तिसरीतली सई शाळेत एकटी जाणार! कुठल्या वाटेने, एवढंच मी वाडीत विचारलं. पण वाटांचे किस्से म्हणजे गडग्याच्या दगडांवरचं शेवाळ, एकावर एक चढतच जातात.

नवा रस्ता रुंद, सरळ, दिव्यांचा. पण दोन्हीकडे उंच कंपाउंड, गेटं बंद. सगळा रस्ता दिसतो आणि तरी संपत नाही. स्वप्नात पाय उचलत नाहीत ना, तसं वाटतं.

तिथे शेजारच्या रेहानाभाभीच्या मागे कुणी चालत होतं. ती भरभर, तोही भरभर. नाक्यावर वळून बघते तर धाकटा दीर! म्हणाला, "भाभी, तू घाबरलेली दिसलीस, म्हणून सोबतीला मागे राहिलो."

दुसरी वाट जुनी पाखाडी. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, तीन वळणं, कमरेएवढे गडगे आणि त्यामागे लोकांच्या पडव्या. सकाळी धुक्यात नुसती पावलं ऐकू येतात, माणूस मागाहून उगवतं.

पाखाडीची रीत अशी, की ओझेवाल्याला आधी वाट द्यायची. एकदा वळणापलीकडे पावलं वाजली, म्हणून मी सईला घेऊन थांबले. पलीकडची पावलंही थांबली. कुणी येईना. मी सईला जवळ ओढलं. शेवटी सईने डोकावलं. वरच्या घरातल्या सुनंदावहिनी! सई म्हणाली, "आई, काकूपण घाबरल्यायत."

मधल्या पडवीतले बाबल्याकाका येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, "कुठं निघालीस गो?" एकदा वैतागून म्हटलं, कुठेच नाही. "मग बस, चहा घे." बसले की!

शनिवारी सईला पाखाडीने एकटी सोडलं आणि मी नव्या रस्त्याने पळत जाऊन शाळेच्या फाटकात उभी राहिले. दहा मिनिटांची वाट. पंधरा झाली, वीस झाली. घंटा वाजली, पोरं आत गेली. सगळी पाखाडी डोळ्यांपुढून वाहत होती आणि तिच्यात सई नव्हती.

मग आली. एका हातात अर्धं घावन, वेण्या नव्याने घातलेल्या, केसात अबोली. बाईंनी उशिराचं कारण विचारलं.

"बाई, आज मी एकटी आले ना, म्हणून."

तर पाखाडीवर ज्याला त्याला एवढं कळवा. सोमवारी आठला सई निघेल. बघा तिला पोटभर, पण थांबवू नका.