धारेचं दूध

आकारामची पोरगी निशिगंधा विद्यापीठात मायक्रोबायोलॉजी शिकायला लागली, तेव्हा दूधकट्ट्यावर रोज कुणीतरी डिवचायचंच. आकाराम गिऱ्हाइकाच्या पेल्यात थेट म्हशीची धार काढता काढता म्हणायचा, "किडं शिकती. डोळ्याला न दिसणारं." झालं, सगळे खो खो हसायचे. भावकीनं लग्नासाठी डोकं खाल्लं, तरी गड्यानं तिला एम.एस्सी. पुरी करू दिली. कारण काय, तर जंतूंविषयी बोलायला लागली की पोरीचा चेहरा फुलायचा!

ती एका दवाखान्याच्या लॅबमध्ये लागली आणि त्याच उन्हाळ्यात आकारामनं अंथरूण धरलं. ताप यायचा, घामानं अंग भिजायचं, ताप उतरायचा, परत यायचा. कंबर अशी धरली की तालमीत घुमलेला माणूस भिंतीच्या आधारानं चालू लागला. टायफॉईडची औषधं झाली, मलेरियाची झाली. त्याची बायको चिमणाबाई देवाला नवस बोलून दमली. माणूस हातचा जातोय, हे सगळ्यांना दिसत होतं.

चहा पिता पिता निशिगंधानं विचारलं, "आबा, एवढ्यात कुठली म्हैस दिवस भरायच्या आधी गाभडली व्हती का?"

"व्हय की. वार अडकलेली, मीच काढली."

"उघड्या हातानं?"

"मग काय मोजे घालू?"

"आणि दूध अजून कच्चंच पितासा?"

"मग! धारेचंच. हे काय नवीन हाय व्हय?"

तिनं डॉक्टरांना सांगितलं, त्यांनीही लगेच रक्त तिच्याच लॅबमध्ये तपासायला पाठवलं. एरवी पाच दिवसांत जंतू उगवला नाही की नमुना टाकून देतात. हिनं टाकू दिला नाही. गाभडलेल्या जनावरातनं, कच्च्या दुधातनं माणसात येणाऱ्या ब्रुसेला जंतूला उगवायला वेळ लागतो, हे विद्यापीठातल्या बाईंनी किती वेळा बजावलं होतं! आणि उगवलाच. लॅबमध्येच तिला रडू फुटलं, बाईंची आठवण आली.

नेमकं औषध मिळालं तसा आकाराम हळूहळू उठला. ती म्हैस तपासून वेगळी बांधली. कट्ट्यावर परतला तो गॅसची शेगडी आणि मोठं पातेलं घेऊनच.

"आकाराम, उकळलेलं घरी मिळतंय की! हितं कशाला यायचं?" म्हणत नेहमीची गिऱ्हाइकं शेजारच्या म्हशीकडं वळली. एकजण तर लहान नातवाला घेऊन निघाला.

आकाराम ओरडला, "जावा! खुशाल जावा! मी बी असाच पीत व्हतो. मला मरणातनं वढायला माझी पोरगी व्हती. त्या लेकराला कोण हाय?"

म्हातारा थांबला. मग नातवाचा हात धरून माघारी आला.